ही फाइल कुठून आली?

एप्रिल २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात जगभरच्या असंख्य विंडोज कॉम्प्युटरांच्या सी ड्राइव्हवर एक नवं फोल्डर दिसू लागलं. नाव 'इनेटपब'. उघडून पाहावं तर आत काहीच नाही. ज्यांना यातलं थोडंफार कळतं ते जास्तच घाबरले, कारण हे नाव त्यांच्या ओळखीचं होतं. विंडोजमध्ये आयआयएस नावाची वेब सर्व्हर चालवायची सोय असते आणि ती सुरू केली की हे फोल्डर तयार होतं. घरच्या कॉम्प्युटरवर वेब सर्व्हर कोण चालवणार? म्हणजे बाहेरून कुणीतरी शिरलंय, असा तर्क निघाला आणि पुष्कळांनी ते फोल्डर उडवून टाकलं.

मग मायक्रोसॉफ्टचा खुलासा आला. ८ एप्रिलच्या सुरक्षा अपडेटनंच ते फोल्डर मुद्दाम तयार केलं होतं. विंडोजची अपडेट करणारी जी यंत्रणा आहे तिच्यात एक फट सापडली होती. आधीच आत पोचलेला हल्लेखोर फसव्या दुव्याच्या, म्हणजे एक जागा दाखवून दुसरीकडेच नेणाऱ्या पाटीच्या, आधारे या यंत्रणेला भलत्याच जागी नेऊ शकत होता आणि स्वतःकडे नसलेले अधिकार मिळवू शकत होता. ती फट बुजवण्याच्या कामाचा हे रिकामं फोल्डर एक भाग होतं. तुम्ही आयआयएस वापरत असा वा नसा, ते काढू नका, असं कंपनीला स्पष्ट लिहावं लागलं. ज्यांनी काढलं होतं त्यांना ते परत कसं आणायचं तेही सांगावं लागलं. त्यातच केविन ब्यूमाँट या ब्रिटिश सुरक्षातज्ज्ञानं दाखवून दिलं, की त्याच नावाचा फसवा दुवा कुणी तिथे आधीच करून ठेवला तर पुढची अपडेट्सच अडकतात. एका रिकाम्या फोल्डरभोवती इतकं सगळं घडलं.

घाबरलेल्या माणसांचा तर्क मूर्खपणाचा नव्हता. आपल्या कॉम्प्युटरवर न विचारता काही आलं तर शंका यायलाच हवी. अडचण एवढीच, की ही शंका बहुतेक वेळा फाइलच्या नावावर येऊन थांबते. नाव विचित्र म्हणजे व्हायरस, नाव ओळखीचं म्हणजे ठीक. नावावरून जवळपास काहीच कळत नाही. ती फाइल कुठे बसली आहे, कधी आली, कोणत्या प्रोग्रॅमनं बनवली आणि मुख्य म्हणजे ती स्वतः चालू शकते का, या चार गोष्टींवरून कळतं.

एरवी न दिसणाऱ्या फाइली

कॉम्प्युटर सुरू असेपर्यंत सतत काही ना काही लिहीत असतो. तुम्ही नुसतं ब्राउझर उघडून बसलात तरी त्या तासाभरात शेकडो फाइली तयार होतात, बदलतात, पुसल्या जातात. विंडोज त्यातल्या बऱ्याच आपल्यापासून लपवतं. त्यासाठी दोन वेगळ्या सेटिंग्ज आहेत. एक साध्या लपवलेल्या फाइलींसाठी, दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या 'संरक्षित' फाइलींसाठी. घरातल्या कुणी, दुरुस्तीवाल्यानं किंवा एखाद्या प्रोग्रॅमनं ही दुसरी सेटिंग बदलली, की एका क्षणात सगळीकडे फिकट रंगाच्या नव्या फाइली दिसायला लागतात. त्या नव्या नसतात. कॉम्प्युटर घेतल्या दिवसापासून तिथेच असतात.

याचा सगळ्यात ठळक नमुना म्हणजे 'डेस्कटॉप डॉट आयएनआय'. डेस्कटॉपवर या नावाच्या चक्क दोन फाइली दिसतात. एकाच जागी एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत एवढं सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे हे पाहून पोटात गोळा येतो. खरी गोष्ट अशी, की आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतो तो दोन फोल्डरांचा मिळून बनलेला असतो. एक तुमचा स्वतःचा, दुसरा त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या वापरकर्त्यांचा मिळून. दोन्हींत एकेक डेस्कटॉप डॉट आयएनआय असते. तिच्यात त्या फोल्डरचं चित्र आणि दिसण्याबद्दलच्या दोन-चार ओळी असतात. पुसली तर विंडोज पुन्हा तयार करतं. ती परत आली की लोकांचा संशय आणखी पक्का होतो, याचं मला फार वाईट वाटतं, कारण यापायी माणसं अख्खा कॉम्प्युटर फॉरमॅट करून बसतात.

सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या 'पेजफाइल डॉट सिस' आणि 'हायबरफिल डॉट सिस' या दोन्ही अशाच. कित्येक जीबीच्या असतात म्हणून भीती वाटते. पहिली रॅम अपुरी पडली की वापरायची जागा आहे आणि दुसरीत कॉम्प्युटर 'हायबरनेट' करताना, म्हणजे गाढ झोपवताना, रॅममधला मजकूर ठेवला जातो. विंडोजची मोठी आवृत्ती चढवल्यावर 'विंडोज डॉट ओल्ड' हे जाडजूड फोल्डर दिसतं. त्यात जुनं विंडोज असतं, परत फिरायचं झालं तर उपयोगी पडावं म्हणून. ते साधारण १० दिवसांनी आपोआप जातं.

वर्डमध्ये काम करताना तुमच्या फाइलशेजारी एक भुतासारखी जुळी फाइल दिसते. तिच्या नावाच्या सुरुवातीला लाटेसारखं चिन्ह आणि डॉलर असतो, आणि आकार जेमतेम १६२ बाइट. एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तेच काम ती करते: ही फाइल अमक्यानं उघडली आहे, दुसऱ्यानं तिच्यात लिहू नये. आत फक्त उघडणाऱ्याचं नाव असतं. वर्ड बंद केलं की ती जाते. मध्येच वीज गेली किंवा वर्ड अडकून बंद पडलं, तर मागे राहते. सगळं ऑफिस बंद असताना ती दिसली तर खुशाल पुसा.

आता एक प्रकार जरा सविस्तर सांगतो, कारण त्यानं वर्षानुवर्षं लोकांची झोप उडवली आहे. एके दिवशी डी ड्राइव्ह उघडावा आणि तिथे 'इन्स्टॉल' नावाची एक चालणारी फाइल, 'ग्लोबडेटा', 'व्हीसी रेड' असली नावं आणि 'युला' या नावापुढे १०२८, १०३१, १०४१, २०५२ असे आकडे लावलेल्या फाइलींची रांग दिसावी. त्यातली एक उघडली तर आत चिनी अक्षरं! आता कुणाची खात्री पटणार नाही, की चीनमधून कुणी घुसलंय? हे सगळं मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस २००८ या पॅकेजच्या इन्स्टॉलरचं होतं. हे पॅकेज आपण मागत नाही, एखादा गेम किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम टाकताना तेही बरोबर येतं. आपल्या तात्पुरत्या फाइली इन्स्टॉलरनं त्यासाठीच असलेल्या टेंप फोल्डरमध्ये उघडायला हव्या होत्या, पण एका चुकीमुळे ज्या ड्राइव्हवर सगळ्यात जास्त मोकळी जागा असेल त्याच्या मुळाशीच तो त्या टाकायचा. ते आकडे म्हणजे भाषांचे क्रमांक. १०३३ अमेरिकी इंग्रजी, १०३१ जर्मन, १०४१ जपानी, २०५२ सोपी चिनी. आत असतो तो वापराचा करारनामा, त्या त्या भाषेतला. मायक्रोसॉफ्टनं चूक मान्य केली आणि या फाइली पुसायला हरकत नाही असंही सांगितलं.

डी ड्राइव्हवर कधी कधी आकडे आणि अक्षरांची लांबलचक सरमिसळ असलेल्या नावाचं फोल्डर उगवतं, त्याचंही कारण बरेचदा असंच निघतं. अपडेटच्या फाइली सोडवण्यासाठी जागा लागते, ती सगळ्यात मोकळ्या ड्राइव्हवर मिळते, आणि दोन नावं एकमेकांशी भिडू नयेत म्हणून नाव मुद्दाम अगम्य बनवलेलं असतं. काम संपल्यावर ते पुसलं जायला हवं, पण मध्येच रिस्टार्ट झाला तर राहून जातं.

चक्क व्हायरसपासून राखण करणाऱ्यानंच असा गोंधळ घातल्याचंही उदाहरण आहे. मे २०२१मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या इंजिनात एक दोष आला आणि त्यानं स्वतःच्या नोंदींच्या फोल्डरमध्ये एकेक-दोन केबीच्या हजारो फाइली साठवायला सुरुवात केली. काही मशीनवर त्यांनी कित्येक जीबी जागा खाल्ली. नावं पाहिली तर नुसती आकडे-अक्षरांची साखळी. पुढच्या इंजिन अपडेटनं दोष गेला.

आणखी एक उगम आजकाल फार वाढला आहे, तो म्हणजे क्लाउड, फाइली इंटरनेटवर ठेवण्याची सोय. मायक्रोसॉफ्टची अशी सोय असलेलं वनड्राइव्ह तुमच्या डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सची प्रत ठेवत असेल आणि तेच खातं मुलीच्या लॅपटॉपवरही असेल, तर तिनं तिकडे ठेवलेली फाइल तुमच्या डेस्कटॉपवर इकडे उगवते. पुण्यात ठेवलेली फाइल न्यू जर्सीत दिसते, आणि तिकडचा माणूस म्हणतो माझा कॉम्प्युटर हॅक झाला. मॅकवर वापरलेला पेनड्राइव्ह विंडोजला लावला तर प्रत्येक फाइलला टिंब आणि अधोरेषेनं सुरू होणारी एक जुळी दिसते. तीही निरुपद्रवी, मॅकची जादा माहिती ठेवणारी. मॅकवर बनवलेली, मराठी नावांच्या फाइलींची झिप विंडोजवर सोडवली, की कधी कधी नावांच्या जागी ग्रीक अल्फा आणि तिरप्या खुणांची अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. तो देवनागरीचा चुकीचा वाचलेला संकेत असतो. फाइल उघडून पाहा, आतला मजकूर शाबूत असतो.

या सगळ्यांत एक मात्र मनावर घ्यावी अशी आहे. 'फाउंड डॉट ००० ' या नावाचं फोल्डर आणि त्यात नावाच्या शेवटी 'सीएचके' असलेल्या फाइली दिसल्या तर व्हायरसची शंका सोडा. विंडोजनं डिस्क तपासली, त्याला मालक नसलेले तुकडे सापडले आणि त्यानं ते तिथे गोळा केले, असा त्याचा अर्थ. एखाद्या वेळी वीज गेल्यानं हे होतं. वारंवार होत असेल तर हार्ड डिस्क जाण्याच्या मार्गावर असू शकते. त्याच दिवशी फोटो आणि कागदपत्रांची दुसरीकडे प्रत करा, बाकीचं नंतर.

भीतीचा फायदा घेणारे

२००१मध्ये एक ईमेल जगभर फिरला. तुमच्या विंडोजच्या फोल्डरमध्ये 'सल्फएनबीके' नावाची फाइल सापडली तर तो व्हायरस आहे, अँटिव्हायरसला तो दिसत नाही, लगेच पुसा आणि तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना कळवा. लोकांनी शोधलं, फाइल सापडली, पुसली आणि काळजीपोटी मित्रांना कळवलं. ती विंडोज ९८मधली लांब नावं पूर्ववत करणारी साधी फाइल होती, प्रत्येकाच्या मशीनवर असायचीच. पुढच्याच वर्षी तोच खेळ 'जेडीबीजीएमजीआर' या फाइलीवर झाला. तिचं चित्र एका छोट्या टेडी बेअरचं होतं. सिस्टिमच्या फाइलीला टेडी बेअर? एवढ्यावर लोकांचा विश्वास बसला. जावाच्या कामासाठी मायक्रोसॉफ्टनंच दिलेली ती फाइल होती. या दोन्ही प्रसंगांत कॉम्प्युटरवर एकही व्हायरस नव्हता. जे नुकसान झालं ते माणसांनी भीतीनं स्वतःच्या हातांनी केलं.

हीच भीती आज फोनवरून विकली जाते. 'आम्ही मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय' म्हणून फोन येतो. समोरचा तुम्हाला 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायला लावतो आणि तिथल्या लाल-पिवळ्या खुणा दाखवून म्हणतो, बघा किती बिघाड झालाय. किंवा 'प्रीफेच' नावाचं फोल्डर उघडायला लावतो आणि आतल्या अगम्य नावांच्या फाइली म्हणजे व्हायरस असं सांगतो. प्रीफेच प्रत्येक विंडोजवर असतं, प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये धडधाकट मशीनवरही चुकांच्या नोंदी असतातच. मायक्रोसॉफ्ट अशी स्वतःहून कुणालाही फोन करत नाही. फोन ठेवून द्या. त्यानं एखादं अ‍ॅप टाकायला लावून स्क्रीनचा ताबा घेतला असेल, तर आधी इंटरनेट तोडा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी बँकेत अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

खरा धोका कसा दिसतो

फाइल नुसती पडून आहे तोवर ती काही करू शकत नाही. करण्यासाठी तिला चालावं लागतं. म्हणून सगळ्यात आधी तिची शेपटी, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं पाहायची. ईएक्सई, एमएसआय, एससीआर, बीएटी, व्हीबीएस, जेएस, एलएनके या चालणाऱ्या किंवा दुसऱ्याला चालवणाऱ्या शेपट्या. टीएक्सटी, जेपीजी, आयएनआय, लॉग, टीएमपी यांवर डबल क्लिक केलं तर सहसा दुसरा एखादा प्रोग्रॅम त्या उघडून दाखवतो किंवा विंडोज विचारतं कशानं उघडू.

दुर्दैव असं, की विंडोज मुळात ओळखीच्या शेपट्या लपवून ठेवतं. ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून निघून जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' हा व्हायरस याच सवयीवर वाढला. ईमेलसोबत प्रेमपत्राची टीएक्सटी फाइल आल्यासारखं दिसायचं. टीएक्सटीपुढची व्हीबीएस ही खरी शेपटी बहुतेकांना दिसतच नव्हती. उघडणाऱ्यांच्या फोटोंच्या जागी त्यानं स्वतःच्या प्रती लिहिल्या आणि अ‍ॅड्रेस बुकातल्या सगळ्यांना तो पुढे गेला. पाव शतक झालं, तरी लपवण्याची ती सेटिंग आजही मुळात चालूच येते. फाइल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू'खाली जाऊन फाइलींच्या शेपट्या दाखवा असं सांगायला अर्धा मिनिट लागतो. हा लेख वाचून एवढंच केलंत तरी मला समाधान वाटेल.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घरांनी पाहिलेला खरा व्हायरस पेनड्राइव्हवरचा. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह द्यावा आणि घरी येऊन लावावा, तर सगळ्या फोल्डरांच्या जागी एकेक-दोन केबीचे शॉर्टकट. 'डेटा गेला' म्हणून लोक पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात आणि तेव्हा डेटा खरोखर जातो. तोवर तो तिथेच असतो. व्हायरस खऱ्या फोल्डरांवर 'लपलेलं' आणि 'सिस्टिम' असे दोन्ही शिक्के मारतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग तुमचं खरं फोल्डरही उघडतो, म्हणून कळतच नाही. असा पेनड्राइव्ह आला तर कशावरही क्लिक करू नका. अँटिव्हायरसनं तो तपासा, संरक्षित फाइली दाखवणारी सेटिंग चालू करा, दिसलेली खरी फोल्डरं उचलून घ्या आणि मग फॉरमॅट करा.

सगळ्यात वाईट नवी फाइल असते ती खंडणीची चिठ्ठी: तुमच्या फाइलींना कुलूप लावलंय, पैसे द्या. प्रत्येक फोल्डरमध्ये एकाच नावाची टेक्स्ट फाइल आणि आपल्या फोटोंच्या नावांपुढे जोडलेली चार अक्षरांची भलती शेपटी. स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खंडणीखोर प्रोग्रॅमची 'रीडमी' चिठ्ठी घरगुती वापरकर्त्यांना २०१८पासून छळत आली. मागणी ९८० डॉलरची, ७२ तासांत दिले तर निम्मे, ४९०. तो बहुतेक वेळा यायचा फुकटात मिळालेल्या क्रॅकमधून, म्हणजे पैसे न देता वापरता यावी म्हणून कुलूप तोडलेल्या प्रतीतून: फोटो एडिटर, ऑफिस, गेम. क्रॅक चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा असं तिथेच लिहिलेलं असतं आणि माणूस ते ऐकतो. काम चालू असताना तो विंडोज अपडेटची खोटी खिडकी दाखवायचा, म्हणजे डिस्क का घरघरतेय असा प्रश्न पडू नये.

यात एक आशेची गोष्ट आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये एम्सिसॉफ्ट या कंपनीनं या प्रोग्रॅमच्या १४८ प्रकारांसाठी कुलूप उघडणारं साधन फुकट दिलं. नंतरच्या प्रकारांतही, लॉक करताना मशीनचा हल्लेखोरांच्या सर्व्हरशी संपर्क झाला नसेल, तर एक सामाईक चावी वापरली जायची आणि ती नंतर मिळाली की फाइली सुटायच्या. म्हणून लॉक झालेल्या फाइली आणि चिठ्ठी दोन्ही पुसू नका, बाजूच्या डिस्कवर ठेवून द्या. डच पोलिस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या ठिकाणी अशी साधनं एकत्र मिळतात.

पण आजच्या काळाचं मुख्य संकट दिसतच नाही, आणि हे मला सगळ्यात जोर देऊन सांगायचंय. पासवर्ड आणि ब्राउझरमधली लॉगिनची खूण चोरणारे प्रोग्रॅम आपलं काम थोड्या वेळात उरकतात आणि काही वेळा मागे काहीही ठेवत नाहीत. त्यातला एक 'लुमा'. मायक्रोसॉफ्टनं १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरात ३,९४,०००हून जास्त विंडोज कॉम्प्युटरांवर तो पाहिला आणि त्याची सुमारे २,३०० डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, बंद पाडली. तो येण्याची एक वाट फार साधी आहे. एखाद्या पानावर 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असं येतं आणि चित्रं निवडण्याऐवजी विंडोजचं बटन आणि आर दाबा, मग पेस्ट करा, मग एंटर, असं सांगितलं जातं. पेस्ट होतो तो हुकूम त्या पानानं आधीच तुमच्या क्लिपबोर्डवर ठेवलेला असतो. कुठलीही खरी तपासणी असं करायला सांगत नाही. हे तुमच्याकडून झालं असेल तर डेस्कटॉप कितीही स्वच्छ दिसला तरी वेळ घालवू नका. दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करण्याची सोय वापरा, मग बँकेकडे वळा.

तपास कसा करायचा

अनोळखी फाइल दिसली की आधी तिच्यावर डबल क्लिक करायचं नाही. उजवं बटन दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. कुठे आहे ते पाहा. 'एसव्हीसीहोस्ट' ही विंडोजची अस्सल फाइल, तिचं घर सिस्टिम ३२ फोल्डर. तीच तुम्हाला डाउनलोड्समध्ये, टेंपमध्ये किंवा अ‍ॅपडेटा नावाच्या, प्रोग्रॅमांची माहिती ठेवणाऱ्या फोल्डरच्या एखाद्या कोपऱ्यात दिसली, किंवा स्पेलिंगमधली दोन अक्षरं अदलाबदल झालेली असली, तर संशयाला खरा आधार मिळाला.

मग तारीख. फाइल ज्या मिनिटाला तयार झाली त्या वेळी तुम्ही काय करत होता ते आठवा. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमांची यादी तारखेनुसार लावा, अपडेटचा इतिहास उघडा. त्याच वेळी काहीतरी चढलेलं असतं आणि अर्धी कोडी इथेच सुटतात. 'तयार झाली' ही तारीख 'बदलली'च्या नंतरची दिसली तर दचकू नका. कॉपी केलेल्या फाइलीला तयार झाल्याची तारीख नवी मिळते, बदलल्याची जुनीच राहते. हल्लेखोर तारखा खोट्याही करू शकतात, त्यामुळे जुळली नाही म्हणजे दोषी आणि जुळली म्हणजे निर्दोष, असंही नाही.

चालणारी फाइल असेल तर प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' आहे का पाहा. सही असणं चांगलं लक्षण, पण शंभर टक्के ग्वाही नव्हे. २०१०मध्ये सापडलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमनं रिअलटेक आणि जेमायक्रॉन या खऱ्या कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या वापरल्या होत्या. आणि नामांकित कंपनीकडूनच आलंय म्हणून डोळे मिटू नयेत यासाठी २००५ आठवावं. मार्क रुसिनोविच या अभियंत्याला स्वतःच्या मशीनवर लपवलेल्या फाइली सापडल्या. माग काढत गेल्यावर उगम निघाला सोनी बीएमजीची एक गाण्यांची सीडी. कॉपी रोखण्यासाठी तिनं विंडोजमध्ये असं काही बसवलं होतं, की ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाइल दिसेनाशी व्हायची. दोन आठवड्यांच्या आत खऱ्या व्हायरसांनी ती लपण्याची जागा वापरायला घेतली आणि सोनीला सीड्या परत घ्याव्या लागल्या.

अजून शंका असेल तर व्हायरसटोटल. २००४मध्ये स्पेनच्या हिस्पासेकनं सुरू केलेली आणि २०१२पासून गूगलकडे असलेली ही सेवा एक फाइल ७०च्या आसपास अँटिव्हायरसांकडून तपासून देते. दोघांनी संशय घेतला आणि बाकी गप्प असतील तर बहुधा खोटा इशारा, चाळिसांनी घेतला तर विषय संपला. मात्र तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि संशोधकांना मिळू शकते. आधार कार्ड, सातबारा, बँकेचं स्टेटमेंट असलं काही तिथे कधीही टाकू नका.

पुसलेली फाइल परत परत येत असेल तर तिला कोण बनवतंय ते शोधायचं. त्यासाठी रुसिनोविचचीच प्रोसेस मॉनिटर आणि ऑटोरन्स ही साधनं मायक्रोसॉफ्ट फुकट देतं. पहिलं सांगतं की या क्षणी ती फाइल कोणत्या प्रोग्रॅमनं लिहिली. दुसरं, कॉम्प्युटर सुरू होताना काय काय आपोआप चालतं. प्रोसेस मॉनिटर पहिल्यांदा उघडल्यावर नोंदींचा पूर येतो. गाळणीत फक्त त्या फाइलचं नाव टाका, उत्तर दोन-चार ओळींत मिळतं. बरेचदा ते प्रिंटरचा किंवा ग्राफिक्स कार्डचा प्रोग्रॅम असं निघतं. ऑटोरन्समध्ये नाव नसलेल्या कंपनीची, अ‍ॅपडेटामधून चालणारी नोंद दिसली तर मात्र तिथेच थांबा आणि डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन करा. ते विंडोज पूर्ण चालू होण्याआधी तपासतं, त्यामुळे लपून बसलेल्याला लपायला जागा कमी मिळते. साधारण पाव तास लागतो. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडूनही सफाईची साधनं मोफत मिळतात.

यातलं काही जमत नसेल तर जाणकाराकडे जायला अजिबात संकोच करू नका. फक्त मशीन दुकानात नेण्याआधी त्या फाइलचं नाव, जागा, तारीख दिसेल असा प्रॉपर्टीजच्या खिडकीचा फोटो मोबाइलवर काढा आणि त्या दिवशी काय इन्स्टॉल केलं होतं ते खाली लिहून ठेवा. फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि त्या प्रतीत ईएक्सई फाइली येऊ देऊ नका. दुकानदारानं न पाहताच 'फॉरमॅट मारतो' म्हटलं तर त्याला तो फोटो दाखवा आणि ही फाइल कुणी बनवली ते आधी सांगा, असा आग्रह धरा. कारण ती क्रॅकमधून आलेली असेल आणि फॉरमॅटनंतर तोच क्रॅक पुन्हा टाकला, तर तीच फाइल पुन्हा येणार.